विचारा की! : उंदराच्या श्वासाचा हिशेब

गेल्या अंकात मधुमेहाच्या औषधांबद्दल उत्तर देताना जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो, की नवीन औषध उंदराला दिल्यावर तो किती ऊर्जा जाळतो ते त्याच्या श्वासावरून मोजतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की मधुमेह राहिला बाजूला, हा अख्खा कॉलमच उंदराला द्यायचं ठरवलं. काही जणांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, मग कुणाचंच छापत नाही, फक्त गाव देतो.

मडगावहून एक निवृत्त बँक कर्मचारी लिहितात : मुलगा पुण्यात एका लॅबमध्ये आहे, तो हेच काम करतो म्हणे. उंदराच्या तोंडाला मास्क लावतात का? आणि श्वास मोजून उष्णता कशी कळणार, काही डोक्यात शिरत नाही.

मास्क वगैरे काही नाही हो. मास्क लावायला गेलात तर उंदीर आधी तुमचं बोट फोडेल आणि मग घाबरून एवढ्या धापा टाकेल की जो आकडा येईल तो घाबरलेल्या उंदराचा येईल. त्याला सरळ एका पारदर्शक बंद डब्यात ठेवतात, दोन-तीन लिटरचा डबा, आत थोडा भुसा, खाणं, पाण्याची बाटली, म्हणजे त्याचं घरच म्हणा ना. एका नळीतून ताजी हवा आत, दुसरीतून बाहेर. मिनिटाला किती हवा गेली ते मोजायचं, आत जाताना तिच्यात ऑक्सिजन किती होता आणि बाहेर येताना किती उरला ते बघायचं, कार्बन डायऑक्साइड किती वाढला ते बघायचं. उंदराला हातसुद्धा लागत नाही. खरं सांगायचं तर यंत्र उंदराला मोजतच नाही, ते हवेला मोजतं, आणि पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं याच एका गोष्टीत आहेत.

आता उष्णतेचं. आपण जे खातो त्याचं शरीरात शेवटी ऑक्सिजनबरोबर ज्वलनच होतं, ज्वाळा दिसत नाही एवढंच. एक लिटर ऑक्सिजन खर्च झाला की साधारण २० किलोज्यूल ऊर्जा सुटते, आणि यातली मजा अशी की भात खाल्ला काय नि तूप खाल्लं काय, हा आकडा फारसा हलत नाही, पिष्टाला २१ च्या आसपास आणि चरबीला साडेएकोणीसच्या आसपास. म्हणून ऑक्सिजन नीट मोजला की ऊर्जेचा अंदाज येतोच, आणि जोडीला कार्बन डायऑक्साइड मोजला की आत काय जळतंय तेही कळतं. ग्लुकोज जळताना सहा रेणू ऑक्सिजन लागतो आणि सहाच रेणू कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे भागाकार बरोबर १. चरबीत मुळातच ऑक्सिजन कमी, तो बाहेरून जास्त घ्यावा लागतो, म्हणून तिथे भागाकार ०.७. प्रथिनांचा मधे कुठेतरी, ०.८ च्या आसपास. या भागाकाराला, म्हणजे सुटलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन, लॅबमधली मंडळी आरक्यू म्हणतात. आपल्याकडे जुन्या घरात बायका धूर बघून सांगायच्या ना, आज चुलीत चुडतां, म्हणजे माडाच्या झावळ्या, घातलीत की करवंट्या, तसंच हे. तुमचा मुलगा रात्रभराचा ग्राफ बघून सांगू शकेल की उंदीर किती वाजता जेवला, कारण जेवला की आकडा १ कडे चढतो आणि सकाळी झोपला, पोट रिकामं झालं, की हळूहळू ०.७ कडे उतरायला लागतो.

आणि ही कल्पना आजची नाही. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या दोघांनी एक गिनीपिग बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवला आणि दहा तासांत किती बर्फ वितळला ते बघितलं, जवळपास १३ औंस, म्हणजे आपल्या हिशेबात ४०० ग्रॅम. मग तसाच प्राणी किती कार्बन डायऑक्साइड सोडतो ते वेगळं मोजलं आणि तेवढाच वायू कोळसा जाळून तयार केला तर किती बर्फ वितळेल याच्याशी ताडून बघितलं. आकडे अगदी तंतोतंत जुळले नाहीत, पण एवढे जवळ आले की श्वास म्हणजे मंद ज्वलन असं छातीठोक म्हणता आलं. त्याच लाव्हाझिएचं डोकं १७९४ मध्ये क्रांतीवाल्यांनी उडवलं, कारण तो सरकारी करवसुलीतला भागीदार होता. बँकेतल्या माणसाला ही गोष्ट सांगावीशी वाटली, म्हणून लिहिली.

म्हापशाहून एक संशोधक विद्यार्थिनी : आमच्याकडे उंदरांचं ऑक्सिजन मोजायचं सेटअप आहे. मे महिन्यात आरक्यू ०.८५ येत होता, सगळं मस्त. जुलैत तेच उंदीर, तेच खाणं, तर ऑक्सिजन जवळजवळ दीडपट वाढला आणि आरक्यू ०.५५! गाइड म्हणतात औषधाचा परिणाम असेल. पण कंट्रोल गटातसुद्धा तसंच येतंय. काय समजायचं?

बाय, ज्याला औषधच दिलेलं नाही त्या उंदरावर औषधाचा परिणाम कसा होईल, हे गाइडना नम्रपणे विचार. तुझ्या पत्रातच उत्तर आहे, फक्त ते उंदराकडे नाहीये, आभाळाकडे आहे.

आधी आरक्यू बघ. ०.५५. दिवसभर आकडा ०.५५ वर बसून राहावा असं उंदीर काहीही जाळू शकत नाही, अगदी उपाशी राहून फक्त स्वतःची चरबी जाळली तरी तो ०.७ च्या आसपास थांबतो. म्हणजे दोन आकड्यांपैकी एक खोटा आहे. तू लिहितेस ऑक्सिजन दीडपट झाला, पण कार्बन डायऑक्साइड वाढला असं लिहीत नाहीस, म्हणजे तो होता तिथेच आहे असं धरतो. उंदीर खरंच जास्त जाळत असता तर दोन्ही वाढले असते ना? म्हणजे खोटं बोलतोय तो ऑक्सिजनचा आकडा.

का बोलतोय ते आता बघू. कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के. तुझा उंदीर २५ ग्रॅमचा धर, ताशी ग्रॅममागे साधारण ३ मिली ऑक्सिजन घेतो, म्हणजे तासाला ७५ मिली, मिनिटाला सव्वा मिली. डब्यातून मिनिटाला ५०० मिली हवा जाते असं धरलं तर बाहेर येणाऱ्या हवेतला ऑक्सिजन फक्त पाव टक्क्यानं कमी झालेला असतो, २०.९५ चा २०.७०. एवढ्याशा पाव टक्क्यावर तुझा सगळा थिसिस उभा आहे हे आधी लक्षात घे. आता जुलैतली आपली हवा घे, २८ डिग्री आणि नव्वद टक्के दमट. त्या हवेत नुसती वाफ असते जवळजवळ ३.४ टक्के. वाफेनं जागा घेतली की बाकी सगळ्यांना सरकावं लागतं, आणि तिथला ऑक्सिजन आपोआप २०.२५ वर येतो. म्हणजे डब्यात उंदीर नसला तरी ०.७ टक्के ऑक्सिजन 'गेला' असं यंत्र दाखवणार. उंदीर पाव टक्का खातो आणि पाऊस पाऊण टक्का!

तू म्हणशील आमच्याकडे हवा कोरडी करायची नळी आहे. आहेच गं, पण ती केव्हा भरली होतीस? आणि सगळी ओल आत शिरायची गरजही नाही. ०.८५ चा ०.५५ व्हायला नि ऑक्सिजन दीडपट दिसायला फक्त ०.६५ टक्का वाफ पुरते, हिशेब करून बघ, म्हणजे बाहेरच्या दमटपणाचा पाचवा हिस्साच निसटला तरी तुझा आकडा अगदी बरोब्बर येतो. माझा अंदाज असा की रेफरन्सच्या, म्हणजे रिकाम्या हवेच्या लाइनवरची नळी अजून धड आहे आणि उंदराच्या लाइनवरची संपलीय, कारण त्या लाइनवर बाहेरची ओल अधिक उंदराचा श्वास अधिक त्याचं मूत्र, सगळं येतं. दोन्ही लाइन सारख्याच ओल्या असत्या तर चूक बरीचशी वजाबाकीत निघून गेली असती. एक सुकी नि एक ओली, हे सगळ्यात वाईट.

नळीतले दाणे बघ. निळे असतात, ओल खाऊन गुलाबी होतात. पण सगळे गुलाबी व्हायची वाट बघू नकोस, उन्हाळ्यात आठवडा चालणारी नळी आपल्याकडे पावसाळ्यात बघता बघता संपते, आणि पुष्कळदा कडेचे दाणे निळे दिसतात पण हवा मधून वाट काढून सटकलेली असते. सिलिका जेल वापरत असशील तर अजून एक भानगड, ते पाण्याबरोबर थोडा कार्बन डायऑक्साइडही धरून ठेवतं आणि मग सावकाश सोडतं, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचा ग्राफ ऑक्सिजनच्या मागे रेंगाळतो. मिनिटामिनिटाचा आरक्यू काढणाऱ्यांनी त्याच्यापासून लांब राहावं, मॅग्नेशियम परक्लोरेट बरं, फक्त ते ज्वलनाला मदत करणारं रसायन आहे, कागद-कापूस-तेलाजवळ ठेवायचं नाही. आणि निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते ओव्हनमध्ये सुकवताना हातमोजे घाल, उघड्या हातानं चिवडू नकोस.

सोडा लाइम लावलं असेल तर त्याच्या पुढे परत एक कोरडी नळी हवीच, कारण सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड खाताना पाणी तयार करतं. हे १८९२ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन या श्वसनावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला पक्कं माहीत होतं. त्याच्याकडे ऑक्सिजन मोजायचा सेन्सर नव्हता, फक्त तराजू होता. प्राण्याचा डबा, मग सल्फ्युरिक ॲसिडमध्ये भिजवलेला प्युमिस दगड भरलेली बाटली वाफ धरायला, मग सोडा लाइमची बाटली कार्बन डायऑक्साइड धरायला, आणि मग पुन्हा ॲसिडची बाटली, सोडा लाइममधून सुटलेलं पाणी पकडायला. सगळ्याचं आधी वजन, नंतर वजन. बाटल्यांचं वजन जेवढं वाढलं त्यातून प्राण्याचं घटलेलं वजन वजा केलं की जे उरतं ते हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचं वजन! किती साधं आणि किती हुशार. आपल्याकडे लाखोंची यंत्रं येतात आणि माणसं तीन बाटल्यांचा क्रम चुकवतात.

तर बाय, जुलैचा कंट्रोल गटाचा डेटा फेकू नकोस पण वापरूही नकोस. कार्बन डायऑक्साइडचे आकडे बहुतेक शाबूत असतील. दोन्ही लाइनच्या नळ्या एकाच दिवशी बदल, रिकाम्या डब्यावर रात्रभर रन घे, दोन्ही लाइनचा फरक शून्य येईपर्यंत आत उंदीर घालू नकोस. आणि लाइट गेली तर काय याचं उत्तर आधीच तयार ठेव, पंप बंद पडला की बंद डब्यातल्या उंदराचं काय होतं ते सांगायला नको. यूपीएस सेन्सरला लावतात आणि पंपाला विसरतात, हे मी पाहिलेलं आहे.

साखळीहून एक शिक्षक : मुलांना शिकवताना मी सांगतो की लहान प्राणी मोठ्यापेक्षा जास्त वेगानं ऊर्जा जाळतो. एक मुलगा म्हणाला, मग हत्ती उंदरापेक्षा कमी खातो का सर? हसण्यावारी नेलं, पण नीट उत्तर काय द्यावं?

मुलगा हुशार आहे, त्याला पुढे बसवा. हत्ती अर्थातच जास्त खातो, पण किलोमागे कमी खातो. १९३२ मध्ये माक्स क्लायबर या शास्त्रज्ञानं निरनिराळ्या आकाराच्या प्राण्यांचे आकडे एका ग्राफवर मांडले तेव्हा दिसलं की विश्रांतीतली ऊर्जा वजनाच्या पाऊण घाताप्रमाणे वाढते, म्हणजे वजन सोळापट तर खर्च आठपट. त्याच सूत्रानं ७० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १७०० किलोकॅलरी आणि २५ ग्रॅमच्या उंदराला साडेचारच्या आत. पण किलोमागे काढा, माणूस २४ आणि उंदीर १७५ च्या आसपास. तुम्ही उंदराच्या वेगानं जळत असता तर दिवसाला बारा हजार किलोकॅलरी नुसत्या पडून राहायला लागल्या असत्या, शीत-कडीच्या किती थाळ्या होतील ते मुलांनाच काढायला लावा. हे असं का, त्यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात, त्यात मी पडत नाही.

वर्गात सांगण्यासारखी अजून एक गोष्ट, कोळशाच्या खाणीत विषारी वायू आहे का ते बघायला लहान पक्षी आणि उंदीर न्यायची सूचना वर सांगितलेल्या हॉल्डेनचीच. लहान प्राणी भराभर श्वास घेतो, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा त्रास त्याला माणसाच्या बराच आधी होतो. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी १९८० च्या दशकापर्यंत होते.

फोंड्याहून : आमच्या प्राणिगृहात २२ डिग्री एसी सक्तीचा. उंदरांना त्रास तर होत नाही ना?

त्रास म्हणण्यापेक्षा थंडी वाजते म्हणा. २२ डिग्री ही तिथे काम करणाऱ्या माणसांची सोय आहे, अंगात कोट नि हातमोजे घालून घाम येऊ नये म्हणून. उंदराला ऊब धरायला काहीही जादा खर्च करावा लागत नाही असं तापमान आहे ३० च्या आसपास. म्हणजे आपली एसी नसलेली खोली त्याला जास्त मानवते! २२ डिग्रीत एकट्या उंदराच्या खर्चातला मोठा वाटा नुसता अंग गरम ठेवण्यात जातो, घोळक्यात असले तर एकमेकांना चिकटून बसतात, घरटं करायला कापूस-कागद मिळाला तर त्यात शिरतात, पण मोजायच्या डब्यात एकटे आणि बहुतेक वेळा घरट्याविना. मग वजन कमी करणारं औषध चाललं की नाही ते ठरवताना त्या थंडीचा हिशेब कोण करणार? त्यामुळे पेपर वाचताना पहिल्यांदा तापमान बघायचं, मग बाकीचं.

आणि रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदराचा ऑक्सिजन पहाटे अचानक निम्म्याच्याही खाली गेला तर सेन्सर बिघडला म्हणून धावू नका. थंडी नि उपास एकत्र आले की उंदीर काही तासांसाठी शरीराचं तापमान उतरवून पडून राहतो, टॉर्पर म्हणतात त्याला, आणि मग आपणहून परत गरम होतो. जिवंत आहे का बघायला त्याला हलवलंत तर तुमचा त्या रात्रीचा ग्राफ गेला.

पणजीहून एक वाचक : लठ्ठ उंदरांचा मेटाबॉलिझम मंद असतो असं सगळीकडे वाचतो. म्हणजे जाड माणसांचंही तसंच ना? बायको रोज ऐकवते.

घरच्या भांडणात मला ओढू नका, पण उंदराचं सांगतो. सडपातळ उंदीर २५ ग्रॅमचा, तासाला ७५ मिली ऑक्सिजन घेतो, भागाकार ३. लठ्ठ उंदीर ५० ग्रॅमचा, तासाला १०० मिली घेतो, भागाकार २. छापून येतं 'लठ्ठ उंदराचा मेटाबॉलिझम एक तृतीयांशानं मंद', आणि प्रत्यक्षात तो गडी तर जास्त ऑक्सिजन घेतोय! वाढलेलं वजन बहुतेक चरबीचं, आणि चरबी यकृत-मेंदू-हृदयासारखी जळत नाही, ती नुसती भागाकारात खाली जाऊन बसते नि आकडा खाली ओढते. म्हणून आता जाणकार लोक ग्रॅमनं भागतच नाहीत, सरळ प्रत्येक उंदराचा पूर्ण खर्च घेतात आणि वजनाचा परिणाम संख्याशास्त्रानं वेगळा काढतात, एनकोव्हा नावाची पद्धत आहे. तरीही ग्रॅममागचे आकडे छापणं काही थांबत नाही, कारण ते यंत्राच्या सॉफ्टवेअरमधून आयते पडतात. (खरोखर मंद असलेले उंदीरही असतात, लेप्टिन हार्मोन नसलेले, पण ते या भागाकारानं सिद्ध करायचं नसतं.) जाड माणसाचाही पूर्ण खर्च सडपातळ माणसापेक्षा साधारण जास्तच असतो. बायकोला हे वाचून दाखवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

डिचोलीहून बारावीचा एक विद्यार्थी : सायन्स एक्झिबिशनसाठी मला उंदराचा श्वास मोजायचं मॉडेल करायचंय. पांढरे उंदीर कुठे मिळतील? नसतील तर बेडूक चालेल का, आता पावसात खूप आहेत.

नाही रे बाबा, दोन्ही नाही. प्राण्यांवर प्रयोग करायला १९६० च्या कायद्याखाली नोंदणी लागते, संस्थेची एथिक्स कमिटी लागते, प्रत्येक प्रयोगाला मंजुरी लागते. आणि पावसातल्या बेडकांना आपल्याकडे पकडणारे आधीच कमी नाहीत, त्यात विज्ञानाच्या नावानं भर नको. शिवाय बेडूक बराचसा कार्बन डायऑक्साइड कातडीतून सोडतो आणि त्याचं अंगच थंड, तुझ्या घरगुती मॉडेलमध्ये काही धड दिसणार नाही.

मोड आलेले मूग घे. हसू नकोस, तत्त्व अगदी तेच आहे. मोठी टेस्ट ट्यूब, तळाला कॉस्टिक पोटॅशचे तुकडे, त्यावर कापूस, त्यावर मूग, वर घट्ट रबरी बूच आणि बुचातून आडवी गेलेली बारीक काचेची नळी, नळीत रंगीत पाण्याचा एक थेंब. मूग ऑक्सिजन घेतात, सोडलेला कार्बन डायऑक्साइड पोटॅश खातं, आतली हवा कमी होते आणि थेंब आत सरकतो. स्केल लाव, दर पाच मिनिटांनी लिही. पोटॅश हाताला लावायचं नाही, चिमट्यानं, कापूस ओला होऊन मुगाला लागता कामा नये.

आता यातली मेख. ट्यूबमध्ये ३० मिली हवा असेल आणि नळीचं भोक १ मिमीचं असेल, तर नुसती एक डिग्री गरमी वाढली की थेंब बारा सेंटिमीटरच्या वर बाहेर ढकलला जातो! ट्यूब हातात धरून बघ, थेंब पळत सुटेल, आणि परीक्षकांना हेच आधी दाखव, त्यांना आवडेल. म्हणून दोन ट्यूब करायच्या, दुसरीत मुगाऐवजी तेवढ्याच जागेच्या काचेच्या गोट्या, बाकी सगळं तसंच, दोन्ही एकाच पाण्याच्या बादलीत. गोट्यांच्या ट्यूबमधला थेंब जेवढा हलला तेवढं मुगाच्या आकड्यातून काढून टाकायचं. पोटॅश न घालता तिसरी ट्यूब केलीस तर थेंब जवळजवळ हलणारच नाही, कारण मूग जेवढा ऑक्सिजन घेतात साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड देतात. तिथे मोड आलेले कच्चे शेंगदाणे घाल, आता थेंब आत सरकायला लागेल, तेलबी आहे ना, तिचा आरक्यू ०.७ कडे. शेंगदाण्यांचाच पोटॅश घालून येणारा आकडा घे, त्यानं बिनपोटॅशच्या आकड्याला भाग आणि ते १ मधून वजा कर, आरक्यू आला, हे स्वतः काढलंस तर बारावीला पुष्कळ झालं.

पर्वरीहून : जिममध्ये वजनकाट्यावर उभं राहिलं की तो 'मेटाबॉलिक रेट' सांगतो. खरा असतो का?

काट्यानं तुमचा श्वास घेतला का? नाही. पायातून बारीकसा करंट जातो, त्यावरून चरबीचा अंदाज आणि बाकी वय-उंची-वजन घातलेलं सूत्र. ते मोजणं नाही. खरं मोजायचं असेल तर डोक्यावर पारदर्शक घुमटी घालून अर्धा तास निपचित पडावं लागतं.

पेडण्याहून एक लॅब असिस्टंट : आमचं यंत्र जुनं. कंपनीचा माणूस येत नाही. आकडे बरोबर आहेत का ते आपणच तपासायचा काही उपाय?

आहे, आणि स्वस्त आहे. उंदराच्या जागी स्पिरिटचा अगदी बारका दिवा ठेवा, डबा काचेचा किंवा धातूचा घ्या, प्लास्टिकचा नको, आणि भुसा वगैरे सगळं बाहेर. शुद्ध इथाइल अल्कोहोलचा एक रेणू जळताना तीन रेणू ऑक्सिजन घेतो आणि दोन रेणू कार्बन डायऑक्साइड देतो, म्हणजे आरक्यू ०.६७, यात दिव्याच्या मूडचा काही संबंध नाही. ०.६७ आला तर दोन सेन्सरचं आपापसातलं नातं ठीक आहे. पण नातं ठीक म्हणजे आकडे ठीक असं नाही, हवा मोजणारं मीटर चुकत असेल तर दोन्ही आकडे सारखेच फुगतात नि भागाकार साळसूद दिसतो. म्हणून दिवा जाळण्याआधी आणि नंतर तोला. एक ग्रॅम अल्कोहोल जळलं की प्रमाण तापमान-दाबाला साधारण १.४६ लिटर ऑक्सिजन जायला हवा. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढा हिशेब लावा, यंत्राचा आकडा त्याच्या दोन-तीन टक्क्यांत असेल तर कंपनीच्या माणसाची वाट बघायची गरज नाही.

ज्योत लहान ठेवा, उंदराएवढाच ऑक्सिजन खाईल इतकी, मोठी पेटवून आकडा सेन्सरच्या मापाबाहेर गेलेला चालत नाही. दिवा विझला की आधी हवा चालू ठेवून डबा धुऊन घ्या, मगच उंदीर. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की काजू फेणी चालेल का, तर आरक्यूपुरती चालेल, कारण पाणी जळत नाही नि बाकीचे पदार्थ अगदी नगण्य, पण तोलण्याच्या हिशेबात नाही, निम्म्याहून जास्त पाणीच असतं, त्यातलं किती वाफ होऊन गेलं ते तराजू सांगत नाही. शिवाय स्टॉक रजिस्टरमध्ये काय लिहिणार?